पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनेचा हप्ता अडला असेल, तर कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कोठे करावी

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा हप्ता जमा झाला नाही, की शेतकरी बहुधा प्रथम बँकेत जातो. बँक त्याला तलाठ्याकडे पाठवते, तलाठी कृषी कार्यालयाकडे बोट दाखवतो आणि कृषी कार्यालयात ‘तुमचे वरूनच अडले आहे’ असे उत्तर मिळते. या फेऱ्यांत रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते आणि दोन-तीन खेपांनंतर माणूस कंटाळून नाद सोडून देतो. वास्तविक या योजनेत हप्ता अडण्याची कारणे मोजकी आहेत. ती बहुतेक वेळा प्रत्येक लाभार्थ्याच्या नावापुढे संकेतस्थळावर नोंदवलेली असतात आणि त्यांतले प्रत्येक कारण दूर करण्याचे काम एका ठरावीक कार्यालयाकडे असते. म्हणून नोंदीत कारण पाहिल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये. या लेखातील बाकी सर्व सूचना याच एका सूचनेवर आधारलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांना सांगितली जाते. अडलेला हप्ता हा बुडालेला हप्ता नसतो. योजनेच्या नियमानुसार, ज्या चार महिन्यांच्या कालावधीत शेतकऱ्याचे नाव पात्र म्हणून नोंदवले गेले, त्या कालावधीपासून तो हक्कदार ठरतो. अपात्रतेचे निकष लागू होत नसताना अन्य कोणत्याही कारणाने रक्कम थांबली असेल, तर ते कारण दूर झाल्यावर त्याला मागचे सर्व देय हप्ते मिळण्याचा अधिकार आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी पैसे बंद झाले असले, तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून कोणीही थांबू नये.

योजना आणि पात्रता थोडक्यात

केंद्राची ही योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली आणि तिचा लाभ 1 डिसेंबर 2018 पासून धरण्यात आला. वर्षाला 6,000 रुपये, दर चार महिन्यांनी 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात जमा होतात. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, परंतु त्याच वर्षी ही मर्यादा काढून टाकण्यात आली. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी योजना आणून तेवढीच रक्कम राज्याकडून देण्यास सुरुवात केली. तिचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डी येथील कार्यक्रमात वितरित झाला. नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, कारण तिची यादी पीएम-किसानच्या लाभार्थ्यांवरूनच तयार होते. त्यामुळे पीएम-किसानमध्ये त्रुटी राहिली, तर शेतकऱ्याचे वर्षाला सहा नव्हे, बारा हजार रुपये अडतात.

पात्रतेचा मुख्य आधार जमिनीची मालकी हा आहे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी लागवडीयोग्य जमीन ज्याच्या नावावर होती, तो शेतकरी पात्र ठरतो. त्या तारखेनंतर खरेदीखताने, बक्षीसपत्राने किंवा वडील हयात असताना झालेल्या वाटणीने जमीन नावावर आली असेल, तर लाभ मिळत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने जमीन आली असेल, तर मात्र मिळतो. कुटुंब याचा अर्थ पती, पत्नी आणि त्यांची अठरा वर्षांखालील मुले असा आहे व अशा एका कुटुंबाला एकच लाभ मिळतो. पती आणि पत्नी या दोघांच्या नावावर स्वतंत्र सातबारा असला, तरी दोघांपैकी एकानेच नोंदणी करावी. उलट, सज्ञान मुलाच्या नावावर स्वतंत्र किंवा सामाईक जमीन असेल आणि ती वरील अटीत बसत असेल, तर त्याचे कुटुंब वेगळे धरले जाते व आईच्या किंवा वडिलांच्या लाभामुळे त्याचा हक्क जात नाही.

मागील करनिर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला आहे, ज्यांचे मासिक निवृत्तिवेतन 10,000 रुपये किंवा अधिक आहे, जे चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय किंवा निमशासकीय सेवेत आहेत, जे आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्ष आहेत, तसेच जे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल किंवा वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करतात, ते अपात्र आहेत. येथे एक फरक लक्षात ठेवावा. आयकर विवरणपत्र भरणे आणि आयकर भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शून्य कराचे विवरणपत्र भरले, एवढ्याने कोणी करदाता होत नाही. ‘करदाता’ असा शेरा चुकीने पडला असेल, तर विवरणपत्राची पोच जोडून तो काढून घेण्याची मागणी करता येते.

खंडाने, ठोक्याने किंवा बटाईने शेती करणाऱ्याला या योजनेत स्थान नाही, मग तो वीस वर्षे तीच जमीन कसत असला तरीही. जो प्रत्यक्ष घाम गाळतो, त्याला वगळून सातबाऱ्यावरील नावाला पैसे देणारी ही रचना न्याय्य आहे असे मला वाटत नाही. परंतु आजचा नियम असा आहे, आणि कोणी पैसे घेऊन बटाईदाराची नोंदणी करून देतो असे सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी.

नोंद कशी वाचावी

पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन या अधिकृत संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ असा पर्याय आहे. त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. महाराष्ट्रात तो ‘एमएच’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो माहीत नसेल, तर त्याच पानावर आधार क्रमांक किंवा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक देऊन मिळवता येतो. घरात स्मार्टफोन नसेल, तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससी केंद्रात हे पान उघडून घ्यावे आणि त्याची छापील प्रत अवश्य मागावी. पुढील प्रत्येक ठिकाणी तोंडी सांगण्यापेक्षा ही प्रत अधिक उपयोगी पडते.

या पानावर नाव, गाव आणि नोंदणीचा दिनांक यांखाली पात्रतेच्या तीन बाबी दिसतात: जमिनीची जोडणी म्हणजे ‘लँड सीडिंग’, आधारवरून ओळखीची पडताळणी म्हणजे ‘ई-केवायसी’ आणि बँक खात्याची आधारशी जोडणी म्हणजे ‘आधार बँक अकाउंट सीडिंग’. प्रत्येकीपुढे होय किंवा नाही असे असते. तिन्ही बाबी ‘होय’ असल्याशिवाय हप्ता निघत नाही. त्याखाली आतापर्यंतच्या हप्त्यांचा तपशील असतो. त्यात ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ असे दिसले, तर राज्याने तुमच्या रकमेची मागणी केंद्राकडे पाठवली आहे, असा अर्थ घ्यावा. ‘एफटीओ जनरेटेड’ म्हणजे रक्कम वर्ग करण्याचा आदेश निघाला आहे. त्यापुढे ‘पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असे असेल, तर कोठेही धावू नये. काही दिवस वाट पाहून पुन्हा नोंद तपासावी.

ई-केवायसी पुढे ‘नाही’ असणे ही सर्वांत सोपी अडचण आहे. आधारशी मोबाइल जोडलेला असेल, तर संकेतस्थळावर ओटीपीने ती घरबसल्या पूर्ण होते. मोबाइल जोडलेला नसेल, तर सीएससी केंद्रात बोटांच्या ठशाने होते. वयोवृद्ध माणसांच्या आणि आयुष्यभर मातीत राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, हा नेहमीचा अनुभव आहे. त्यांच्यासाठी पीएम-किसानच्या ॲपमध्ये 2023 पासून चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आहे. ज्याचे स्वतःचे ई-केवायसी झाले आहे, असा शेतकरी आपल्या मोबाइलवरून इतर 100 शेतकऱ्यांपर्यंत ही पडताळणी करून देऊ शकतो. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक संध्याकाळ दिली, तर अख्ख्या आळीचे काम होते.

जमिनीची जोडणी: खरी गुंतागुंत येथे आहे

‘लँड सीडिंग’ पुढे ‘नाही’ असेल, तर शासनाच्या नोंदीत तुमचे नाव आणि तुमचा गट क्रमांक यांची सांगड बसलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. बँकेत जाऊन यात काहीही होणार नाही. येथे सातबारा, आठ-अचा खाते उतारा आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, हे तीन कागद समोर ठेवून शांतपणे वाचावे लागतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत मिळतो व तो शासकीय कामासाठी ग्राह्य आहे.

प्रथम नाव पाहावे. आधारवर जे नाव आहे, तेच सातबाऱ्यावर आहे का? सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’, सातबाऱ्यावर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, किंवा वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचे नाव, असे प्रकार विपुल आढळतात. नाव आधारवर चुकले असेल, तर आधार केंद्रात दुरुस्ती करावी. सातबाऱ्यावर चुकले असेल, तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज द्यावा. संगणकीकरणाच्या वेळी झालेली टंकलेखनाची चूक असेल, तर जुना हस्तलिखित सातबारा शोधून अर्जासोबत जोडावा, कारण मूळ नोंद काय होती याचा तोच सर्वांत बळकट पुरावा असतो.

नंतर फेरफाराची तारीख आणि प्रकार पाहावा. 1 फेब्रुवारी 2019 पूर्वीचा फेरफार असल्यास प्रश्न मिटतो. त्यानंतरचा असेल आणि तो वारसाचा असेल, तर मूळ खातेदाराच्या नावावर त्या तारखेपूर्वी जमीन होती हे दाखवणारा आधीचा फेरफारही सोबत जोडावा. अनेक प्रकरणे केवळ हा दुसरा कागद नसल्यामुळे पडून राहतात. केंद्राच्या पडताळणीत 2019 नंतर जमीन मिळालेले, तसेच एकाच कुटुंबातील एकाहून अधिक लाभार्थी संशयित म्हणून वेगळे काढण्यात आले असून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले जातात. अशा यादीत वारसाहक्काने आलेला, पूर्णपणे पात्र शेतकरीही सापडू शकतो. त्याने नाराज न होता हे दोन्ही फेरफार तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावेत.

सर्वांत कठीण स्थिती त्या कुटुंबाची असते, जेथे खातेदार वारला आणि वारस नोंदच झालेली नाही. पतीच्या निधनानंतर शेत तीच कसते, कर्ज तीच फेडते, परंतु सातबाऱ्यावर तिचे नाव नाही आणि म्हणून शासनाच्या दृष्टीने ती शेतकरी नाही, अशा कितीतरी स्त्रिया आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठी हप्त्याचा अर्ज ही दुसरी पायरी आहे, पहिली पायरी वारस नोंद ही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत ही वर्दी द्यावयाची असते, परंतु मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, सातबारा व आठ-अ यांसह ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, किंवा ई-हक्क प्रणालीवर तो ऑनलाइन भरावा. नोंद धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा हेतू अशाच मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा होता. तरीही ज्यांची नोंद राहून गेली आहे, त्यांनी मोहिमेची वाट पाहत बसू नये. प्रतिज्ञापत्रात विवाहित बहिणींची नावे गाळण्याचा मोह काही घरांत होतो. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय पुढे हरकत आली की संपूर्ण नोंद वादात जाते आणि त्या आईचे पैसे आणखी वर्षभर अडतात.

मृत लाभार्थ्याच्या खात्यात हप्ते येत राहिले असतील, तर ते काढू नयेत. मृत्यूची माहिती कृषी कार्यालयाला लेखी द्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने नवीन नोंदणी करावी. मृताच्या नावावर घेतलेली रक्कम नंतर वसूल केली जाते.

नवीन नोंदणी करताना सातबारा, आठ-अ, वर सांगितलेले फेरफार, शिधापत्रिका आणि पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले या सर्वांचे आधार क्रमांक द्यावे लागतात. अर्ज तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांवर मंजूर होतो, म्हणून तो कोणत्या पातळीवर थांबला आहे हे अधूनमधून पाहावे. यासोबत ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतील, शेतकरी ओळख क्रमांकही काढून घ्यावा. महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांच्या लाभासाठी तो आवश्यक केला आहे. तो काढताना वेगवेगळ्या गावांतील आपले सर्व गट जोडले गेले आहेत ना, याची खात्री करावी. सामाईक खात्यातील प्रत्येक खातेदाराने स्वतःचा क्रमांक स्वतंत्र काढावयाचा असतो. थोरल्या भावाचा निघाला म्हणजे सर्वांचा निघाला, असे नाही.

पैसे कोणत्या खात्यात जातात

बहुतेकांची समजूत अशी असते, की नोंदणीच्या वेळी जो खाते क्रमांक दिला, त्यातच पैसे येणार. आता तसे होत नाही. रक्कम आधार क्रमांकावरून जाते. राष्ट्रीय देयके महामंडळ म्हणजे एनपीसीआय यांच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या एका बँकेचे नाव असेल, त्याच बँकेतील खात्यात ती पोहोचते. एका वेळी एकच बँक तेथे राहू शकते आणि शेवटी जिथे संमती दिली, ती बँक आधीच्या बँकेची जागा घेते. बचत गटासाठी उघडलेले खाते, सिमकार्ड घेताना नकळत उघडले गेलेले पेमेंट बँकेचे खाते, किंवा शिष्यवृत्तीसाठी उघडलेले जुने खाते यांत हप्ते साठत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून संकेतस्थळ ‘रक्कम जमा’ म्हणते आणि पासबुकात काही दिसत नाही, अशा वेळी आधी माय-आधार संकेतस्थळावरील ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहावे. तेथे बँकेचे नाव दिसते.

नोंदीत ‘आधार बँक अकाउंट सीडिंग’ पुढे ‘नाही’ असेल, तर शाखेत जाऊन नेमकी मागणी करावी. ‘आधार लिंक करा’ एवढेच म्हटल्यास कर्मचारी खात्याला आधार जोडलेला पाहून ‘आधीच लिंक आहे’ असे सांगतो आणि त्याचेही चुकत नाही, कारण ओळखीसाठी आधार जोडणे ही एक गोष्ट आणि थेट लाभासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, एनपीसीआयच्या नोंदीत आधारपुढे बँकेचे नाव लावणे, म्हणजे मॅपिंग करणे, ही दुसरी गोष्ट आहे. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंगचा संमती अर्ज भरून घ्यावा’ असे स्पष्ट सांगावे आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. शाखेत दाद लागत नसेल, तर गावच्या पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडावे. ते आधारवरूनच उघडले जाते व मॅपिंगही तेथेच करून घेता येते. ज्यांचे खाते ग्रामीण बँकेत आहे, त्यांनी 1 मे 2025 रोजी राज्यातील दोन ग्रामीण बँकांचे एकत्रीकरण झाल्यानंतर आपले मॅपिंग कायम आहे का, हे एकदा तपासून घ्यावे. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले किंवा केवायसी अपूर्ण असलेले खाते गोठवलेले असू शकते. तेथे मॅपिंग बरोबर असूनही रक्कम परत जाते.

अर्ज, तक्रार आणि सावधगिरी

जमिनीच्या नोंदीचे काम महसूल विभागाचे आणि लाभार्थ्याच्या नोंदणीचे व पडताळणीचे काम कृषी विभागाचे, अशी ढोबळ विभागणी आहे. अर्ज कोणाकडेही असो, तो एका पानाचा असावा. त्यात नोंदणी क्रमांक, गाव, गट क्रमांक, शेवटचा मिळालेला हप्ता आणि संकेतस्थळावर दिसणारे नेमके कारण एवढेच लिहावे आणि त्या पानाची छापील प्रत जोडावी. दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी व दुसरीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा कोणालाही करता येत नाही.

महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर पीएम-किसानच्या संकेतस्थळावरील ‘हेल्प डेस्क’ मध्ये तक्रार नोंदवावी किंवा 155261 या मदत क्रमांकावर बोलावे. त्यानंतरही उत्तर नसेल, तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्कासह ‘माझ्या अर्जावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न विचारावा.

हप्त्याची तारीख जवळ आली, की व्हॉट्सॲपवर पीएम-किसानच्या नावाने ‘एपीके’ फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणाऱ्या फाइल, फिरू लागतात. ती फाइल उघडल्यास मोबाइलमधील संदेश आणि बँकेची माहिती चोरांच्या हाती जाते. ॲप केवळ प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि रक्कम गेल्यास त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत बँकेला रक्कम रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

पात्रतेचे निकष वाचून आपण त्यांत बसत नाही असे ज्यांच्या लक्षात येईल, त्यांनी संकेतस्थळावरील लाभ सोडण्याचा पर्याय वापरावा आणि घेतलेली रक्कम तेथील ऑनलाइन परताव्याच्या सोयीने भरून पावती जपून ठेवावी. आयकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना तहसील कार्यालयांकडून वसुलीच्या नोटिसा गेलेल्या आहेत. नोटीस आल्यावर रक्कम भरली असेल, तर पावतीची प्रत तहसील व कृषी या दोन्ही कार्यालयांत द्यावी, म्हणजे तीच वसुली पुन्हा निघणार नाही.